मुलाखतीला बोलावलंय, तिकिटाचं काय?

या महिन्यात मुलाखतीच्या प्रवासाबद्दल तीन पत्रं आली. पहिल्याला सविस्तर उत्तर देते, कारण त्यातली अडचण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिली आहे.

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, वय २५. डिप्लोमा करून मग मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, सध्या इथल्याच एका वर्कशॉपमध्ये डिझाइनचं काम करते. बंगळूरच्या एका कंपनीने ऑनलाइन दोन फेऱ्या घेतल्या. तिसरीला प्रत्यक्ष बोलावलंय, इलेक्ट्रॉनिक सिटीत, सकाळी १० वाजता. एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, 'तुम्ही बुक करा, वी विल टेक केअर.' विमानाने यायचं की रेल्वेने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं तर 'ही आत्तापासूनच पैशाचं बघते' असं वाटेल का? वडील यंत्रमागावर कामाला आहेत. एकदम दहा-बारा हजार अडकवणं आम्हाला जड जातं. त्यात वडील म्हणतात, एकटी नको जाऊस, मी येतो. त्यांचं तिकीटही लावता येईल का? आणि नोकरी नाही मिळाली, किंवा मीच नाही घेतली, तर पैसे परत मागतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : 'वी विल टेक केअर' हे वाक्य मीही पुष्कळांना ऐकवलंय, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. अर्थ एवढाच, की बोलणाऱ्या बाईने अजून काही ठरवलेलं नाही. तिच्यापुढे पाच-सहा उमेदवारांची यादी आहे, वरचा साहेब कोणत्या दिवशी मोकळा सापडतो ते जुळवताना ती मेटाकुटीला आली आहे, आणि तुझं तिकीट तिच्या यादीत अगदी तळाला आहे. तिच्या मनात खोट नसते. पण तुझं बिल तिच्या टेबलावर थांबत नाही, ते अकाउंट्सला जातं. तुमचं फोनवरचं बोलणं ऐकायला अकाउंट्सचा माणूस नव्हता. त्याला कागद लागतो.

म्हणून आजच मेल टाक. साधारण असा :

'नमस्कार. ठरल्याप्रमाणे मुलाखतीला येत आहे. रेल्वेचं थ्री-टिअर एसी की विमान, काय मंजूर आहे ते कळवावं. तिकीट कंपनी काढणार असेल तर आधारवरचं माझं नाव आणि जन्मतारीख सोबत दिली आहे. मी काढायचं असेल तर कोणती बिलं लागतील आणि रक्कम किती दिवसांत मिळेल? आदल्या रात्रीचा मुक्काम आणि तिथली टॅक्सी यांची सोय कशी आहे? मुलाखतीची तारीख बदलल्यास तिकीट रद्द करण्याचा खर्च कुणाकडे?'

इंग्रजीतही एवढंच लिही, अशाच लहान वाक्यांत. सुरुवातीला माफी मागू नकोस. आपल्या मुली दोन ओळींच्या मेलमध्ये तीनदा 'सॉरी' लिहितात, ते वाचून मी अक्षरशः वैतागायचे.

पैशाचं बघते असं वाटेल का, म्हणतेस. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली (पुढे त्या खात्याच्या दारावर एचआरची पाटी लागली, आतलं काम तेच राहिलं). प्रवासखर्च विचारला म्हणून कुणाला नापास केलेलं मी पाहिलं नाही. भरतीसाठी कंपनीने खर्चाचं खातं वेगळं काढलेलंच असतं. कन्सल्टंटकडून माणूस घेतला तर त्याला वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार मोजावा लागतो. हा आपल्याकडचा सर्रास दर आहे. त्या आकड्यापुढे तुझं तिकीट म्हणजे चहापाणी. दोन ऑनलाइन फेऱ्या घेऊन तुला बोलावलंय ते त्यांना गरज आहे म्हणून, उपकार म्हणून नव्हे.

आमच्या वेळी हे विचारावं लागत नसे. कॉल लेटरच्या शेवटी टाइप केलेली ओळच असायची : 'जवळच्या मार्गाने दुसऱ्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं तिकीट दाखवल्यावर देण्यात येईल.' १९८४ साली मुंबईच्या एका कारखान्याचं असं पत्र मला मिरजेला आलं आणि मी महालक्ष्मीच्या साध्या डब्यात बसून निघाले. आता 'तिकीट दाखवल्यावर' यातली मेख बघ. तेव्हाचं तिकीट म्हणजे दोन बोटं रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर तारखेचा ठसा आणि एक नंबर. प्रवास संपला की फाटकावर टीसी तो काढून घ्यायचा. मग कारखान्यात दाखवणार काय, कपाळ? माझे वडील पोस्टात होते, कागदाच्या बाबतीत पक्के. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, 'नंबर लिहून घे.' मी कॉल लेटरच्या पाठीवर लिहून घेतला.

मुलाखत झाल्यावर आम्हाला कॅशच्या खिडकीशी पाठवलं. माझ्यामागे मिरजेचाच एक मुलगा होता. त्याने नंबर लिहिलेला नव्हता. रोखपालाने विचारल्यावर जरा गडबडला, मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, 'मिरजेला खिडकीवर मी यांच्याच मागे उभा होतो. यांच्या पुढचा नंबर माझा.' रोखपालाने चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं, माझा कागद पुन्हा मागून घेतला, नंबरात एक मिळवला आणि त्याच्या व्हाउचरवर लिहून टाकला. रेव्हेन्यू स्टॅम्पवर आमच्या सह्या झाल्या. नोकरी दोघांनाही लागली नाही. भाडं मात्र दोघांना मिळालं.

सरकारी ठिकाणी अजूनही सगळं लिहिलेलं असतं. तुझ्या ओळखीत कुणी साताऱ्या-सांगलीचा मुलगा सैन्याच्या एसएसबीला (अधिकारी निवडीच्या मुलाखतीला) भोपाळला जाऊन आला असेल तर विचार त्याला. सैन्यात अधिकारी म्हणून जाण्याच्या एखाद्या प्रकारासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेभाडं मिळतं, त्याच प्रकारासाठी पुन्हा गेलं की मिळत नाही. यूपीएससीच्या मुलाखतीलाही रेल्वेभाडं मिळतं. २०२० च्या जुलैत करोनामुळे गाड्या धड चालत नव्हत्या, तेव्हा आयोगाने उमेदवारांना विमानाचं किमान भाडं दिलं होतं. खासगी कंपनीवर आपल्याकडे असं कायद्याचं बंधन नाही, पत्रात जे लिहिलं तेच खरं. जर्मनीत उलटं आहे. तिथे कंपनीने मुलाखतीला बोलावलं आणि 'खर्च देणार नाही' असं आधी स्पष्ट कळवलं नाही, तर वाजवी प्रवासखर्च तिला द्यावाच लागतो. त्यांच्या नागरी संहितेचं ६७० वं कलम त्यासाठी दाखवतात. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या पोरांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून जाता जाता सांगितलं.

आता तुझा प्रवास. उद्यान एक्स्प्रेस दुपारी सोलापूरला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरात पोचवते. कागदावर हे झकास दिसतं. पण सकाळी उतरून, तोंडावर पाणी मारून, शहर ओलांडून १० वाजता इलेक्ट्रॉनिक सिटीत हजर व्हायचं आणि गाडी तासभर लेट झाली तर? आदल्या दिवशी पोच. विमानाचा हिशोबही नीट मांड. सोलापूरहून तुझ्या तारखेला बंगळूरचं विमान मिळतं का बघ, नाहीतर पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर एसटीने, मग लोहगावपर्यंत रिक्षा, मग दीड तासाचं विमान. उतरायचं देवनहळ्ळीला, म्हणजे शहराच्या उत्तरेला. इलेक्ट्रॉनिक सिटी पार दक्षिणेला, होसूर रोडवर. मधलं अंतर ५० किलोमीटरच्या वर आणि बंगळूरचा ट्रॅफिक तू ऐकून असशीलच. त्या टॅक्सीचं बिल बघून डोळे पांढरे होतात, म्हणून मेलमध्ये टॅक्सीचा उल्लेख घालायला सांगितलं. टॅक्सी मंजूर नसेल तर विमानतळावरून 'वायुवज्र' नावाच्या एसी बस सुटतात, त्या बऱ्या.

पैसे अडकवायचे नसतील तर सरळ लिही, 'तिकीट कंपनीने काढलं तर मला सोयीचं होईल.' कारण द्यायची गरज नाही. यात त्यांच्यावर काही ओझं पडत नाही. मोठ्या कंपन्यांना ते उलट आवडतं, कारण बिलावर त्यांचा जीएसटी नंबर पडला तर कराची वजावट मिळवता येते. फक्त नाव नीट कळव. आपल्याकडे नावाचा घोळ फार. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्न झालेल्या मुलीचं एकीकडे माहेरचं आणि एकीकडे सासरचं. आमच्या ट्रॅव्हल डेस्कने एकदा बायोडेटावरच्या नावाने तिकीट काढलं, आधारवर दुसरंच आडनाव निघालं आणि ती मुलगी लोहगावच्या दारातच अडकली. मुलाखत पुढे आठवड्याने झाली.

स्वतः काढायची वेळ आली तर वेटिंगवर विसंबू नकोस. चार्ट लागेपर्यंत नंबर लागला नाही तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि तू फलाटावरच राहतेस. तत्काळची खिडकी गाडीच्या आदल्या दिवशी उघडते, एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. पण कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही. मुलाखत पुढे ढकलली तर काय, हा प्रश्न मेलमध्ये घातला तो याचसाठी.

वडिलांचं तिकीट कंपनीकडे लावू नकोस. ते येऊ देत, जरूर येऊ देत, पण त्यांचं भाडं आपलं आपण. हॉटेलात एकाच खोलीत राहणार असाल तर जादा माणसाचे पैसे वेगळे लावायला सांग आणि ते रोख भर, कंपनीच्या बिलात यायला नकोत. वडील सोबत आले म्हणून कुणी तुला कमी लेखणार नाही. आमच्या गेटबाहेर गुलमोहराखाली कितीतरी वडील डबा मांडीवर घेऊन बसलेले असायचे, आणि आमचा वॉचमन न सांगता त्यांना चहा नेऊन द्यायचा. एकदाच एक गृहस्थ थेट आत आले आणि 'पगाराचं काय ठरलं?' म्हणाले. ती मुलगी टेबलाखाली शिरायची तेवढी बाकी होती. तर वडिलांना गेटबाहेरच बसव.

नोकरी न मिळाल्यास किंवा तू न घेतल्यास मुलाखतीचं भाडं परत मागायची पद्धत नाही. फक्त पत्रात 'ऑन जॉइनिंग' हे दोन शब्द आहेत का ते शोध. काही कंपन्या भाडं रुजू झाल्यावरच देतात. तसं असेल तर तो खर्च तुझाच धरून चाल, विमानाचा नाद सोड आणि स्लीपरने जा. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत, अशी अट असते ती सामान हलवायला दिलेल्या पैशांवर किंवा जॉइनिंग बोनसवर. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि उगीच घाबरतात.

बिलांचं आता थोडक्यात. ई-तिकिटाची पीडीएफ, विमान असेल तर बोर्डिंग पास (मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट), टॅक्सी ॲपची पावती, हॉटेलचं तुझ्या नावाचं बिल. रिक्षाची पावती मिळत नाही, तिथे तारीख, कुठून कुठे आणि रक्कम लिहून खाली सही करायची. मुलाखतीहून परतलीस की दोन दिवसांत सगळं एकाच मेलने पाठव आणि बेरीज स्वतः करून दे. अकाउंट्सच्या माणसाला आयती बेरीज दिली की तो निम्मा तुझ्या बाजूचा होतो. महिनाभरात पैसे आले नाहीत तर त्याच मेलखाली आठवण कर, नवा मेल नको.

खर्च मात्र स्वतःच्या पैशाने करतेस तसाच कर. २००९-१० च्या सुमाराला नागपूरचा एक मुलगा आमच्याकडे येऊन गेला. हुशार, निवड जवळपास पक्की. त्याने टू-टिअर एसीच्या तिकिटाचं प्रिंटआउट जोडलं. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांना सवय होती, चहा पिता पिता पीएनआर टाकून बघायची. तिकीट रद्द केलेलं निघालं. पठ्ठ्या प्रत्यक्षात महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपरने आला होता. मी फोन केला तर म्हणाला, 'मॅडम, सगळेच करतात.' फरक हजार-बाराशेचा असेल नसेल. साहेबांनी फाइल मिटली आणि दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवली. मला त्या मुलाची हळहळ अजून वाटते, पण साहेब चुकले असं मात्र तेव्हाही वाटलं नव्हतं.

प्रश्न : मी नाशिकचा. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी एकाच आठवड्यात बोलावलंय, एकीने मंगळवारी, दुसरीने गुरुवारी. दोघीही प्रवासखर्च देतायत. मी जाणार एकदाच, देवगिरीने. ई-तिकिटाची प्रिंट कितीही काढता येते. दोघांकडे लावलं तर कुणाला कळणार? मित्र म्हणतात, लाव. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कंपनीत मला तितका रस नाही, हैदराबाद बघून होईल एवढंच.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कळणार कुणालाच नाही, बहुधा. पुठ्ठ्याचं तिकीट होतं तेव्हा हा प्रश्नच आला नसता, एका तुकड्यावर एकच भाडं. एक तिकीट, एकदाच पैसे. दोन्ही कंपन्यांना सांग की त्याच फेरीत दुसरी मुलाखत आहे आणि भाडं निम्मं निम्मं घ्या. मंगळवारची रात्र पहिलीच्या खात्यावर, बुधवारची दुसरीच्या. याचा तुला आणखी एक फायदा होईल, तो तुझ्या मित्रांच्या लक्षात आलेला दिसत नाही. दुसरीकडूनही बोलावणं आहे हे कळलं की पहिल्या कंपनीला उत्तर द्यायची घाई होते. आम्हालाही व्हायची.

रस नाही म्हणतोस, तरी गुरुवारची मुलाखत दे. रस नसतानाच्या मुलाखती बऱ्या होतात, माणूस घाबरत नाही. आत गेल्यावर काम आवडलंही असेल. पण आजच मनाशी पक्कं असेल की लाख रुपये दिले तरी तिथे जायचं नाही, तर आत्ताच नकार कळव. चारमिनार आपल्या पैशाने बघ, तो कुठे पळून जात नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला मोबाइलवर एका मोठ्या मोटार कंपनीच्या नावाचं पत्र आलंय. बायोडेटावरून निवड झाली, दिल्लीला अंतिम मुलाखत, विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि हॉटेल कंपनीचं. फक्त आधी ९,८०० रुपये अनामत भरायची, ती मुलाखतीच्या दिवशी रोख परत. पत्रावर शिक्का आहे, सही आहे. मुलाने शेजाऱ्यांकडून उसने घेऊन पाच हजार भरलेसुद्धा. बाकीचे आज संध्याकाळपर्यंत मागतायत. भरावेत का?
– एक आई, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र इथे शेवटी छापलंय, पण तुम्हाला फोन मी ते मिळालं त्याच दुपारी केला. बाकीच्यांनी वाचावं म्हणून तेच पुन्हा लिहिते.

एक रुपयाही भरू नका. ही फसवणूक आहे, आणि जुनी आहे. तिकिटाचे पैसे देणारी कंपनी तुमच्याकडून अनामत घेत नाही. जी द्यायच्या आधी मागते, ती द्यायला बसलेलीच नाही. शिक्का आणि सही दहा मिनिटांत संगणकावर होते. पत्र कुठल्या मेलवरून आलंय ते बघा. बहुतेक वेळा साधा जीमेल असतो किंवा कंपनीच्या नावात एखादं अक्षर जास्त. खरी कंपनी अशी बायोडेटावरून परस्पर निवडही करत नाही, ती आधी फोनवर तरी बोलते. मुलाने अर्जच केला नव्हता असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हाच खरं तर सगळं कळलं होतं.

गेलेल्या पाच हजारांसाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर लावायचा. जितक्या लवकर तक्रार जाते तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून उद्यावर टाकायचं नाही. ज्या खात्यात किंवा यूपीआयवर पैसे गेले त्याचा व्यवहार क्रमांक जवळ ठेवा, तो पहिल्यांदा विचारतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. फसवणाऱ्यांचे मेसेज पुसू नका आणि त्यांना 'तुम्ही चोर आहात' असंही कळवू नका, ते लगेच नंबर बंद करतात.

मुलगा दोन दिवस जेवला नाही म्हणालात. त्याला आत्ता काही बोलू नका. शेजाऱ्यांचे पैसे हप्त्याने फेडता येतील, ते मी तुमच्या शेजारच्या काकांशीही बोलले आहे, ते भले माणूस आहेत. १९३० वर मात्र त्यालाच बोलू द्या, व्यवहार त्याच्या फोनवरून झालाय आणि सगळे तपशील त्याच्याच जवळ आहेत.